एनबीएचा ऑफसीझन कसा वाचायचा : करार, कॅप आणि पुढच्या तीन वर्षांचा हिशेब

जूनच्या शेवटी एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, फ्री एजन्सीचा (करार संपलेल्या खेळाडूंना नवे करार देण्याचा) बाजार उघडतो आणि तासाभरात ‘अमुक खेळाडू, चार वर्षं, दहा कोटी डॉलर’ अशा बातम्यांची रांग लागते. पाठोपाठ चाहत्यांचे दोन तट पडतात. एकाला लॉटरी लागल्याचा आनंद, दुसऱ्याला संघ बुडाल्याची खात्री. बहुतेक वेळा दोघांनीही हिशेब मांडलेला नसतो.

या लीगमध्ये मालकाच्या खिशात पैसा असणं आणि तो खर्च करायची परवानगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे खेळाडूचं नाव आणि कराराची एकूण रक्कम यांवरून निकाल देऊ नका. तीन प्रश्न विचारा. हा करार नियमांतल्या कोणत्या वाटेने झाला? त्या वाटेने गेल्यामुळे संघाची दुसरी कोणती वाट बंद झाली? आणि तिसऱ्या वर्षी हा पगार कोणाच्या आड येणार आहे? खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांसाठीच आहेत.

रकमा कोटी डॉलरमध्ये दिल्या आहेत. अमेरिकी बातम्यांत मिलियन असतात. दहा मिलियन म्हणजे एक कोटी, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. मर्यादांचे आकडे २०२५-२६ हंगामाचे आहेत. नियम लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या, २०२३ साली लागू झालेल्या सामूहिक करारातले आहेत.

आधी हे जवळ ठेवा

- संघाची पगारपत्रक-यादी: खेळाडू, पुढच्या किमान चार हंगामांचे पगार, ऑप्शन (एखादं वर्ष चालू ठेवायचं की नाही याची निवड), हमी. स्पॉट्रॅकसारख्या साइटवर ती फुकट मिळते.
- लीग दरवर्षी ३० जूनच्या सुमारास पुढच्या हंगामाच्या मर्यादा जाहीर करते, ते पत्रक.
- संघाचे ड्राफ्ट पिक्स (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क): कोणते आपले, कोणते दिलेले, कोणत्यावर अटी.
- एक साधी स्प्रेडशीट. उभ्या रांगेत खेळाडू, आडव्या रांगेत हंगाम.
- खेळाडूंच्या जन्मतारखा. या कोणी लिहून घेत नाही आणि मग तेहतिसाव्या वर्षी केलेला करार सदतिसाव्या वर्षापर्यंत चालतो तेव्हा आश्चर्य करतो.

वेळेचंही भान ठेवा. बाजार ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ६ वाजता उघडतो, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेतीन. करारांवर सही मात्र बहुतांशी ६ जुलैला, आपल्या रात्री साडेनऊनंतर होते. मधल्या दिवसांत ऐकू येतं ते तोंडी ठरलेलं असतं आणि नेमकी रचना बाहेर यायची असते. त्यामुळे ६ तारखेपर्यंत शीटमधल्या नव्या रकान्यांना पिवळा रंग देऊन ठेवा.

पायरी १ : चार रेषा आखा

२०२५-२६ साठी:

- सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा): १५.४६ कोटी
- लक्झरी टॅक्सची रेषा: १८.७९ कोटी
- पहिलं एप्रन: १९.५९ कोटी
- दुसरं एप्रन: २०.७८ कोटी

नाव कॅप असलं तरी ती छत नव्हे. ती ओलांडता येते, फक्त ठरलेल्या सवलतींतून. टॅक्सची रेषा ओलांडली की मालकाला दंड. खरी गळचेपी दोन एप्रनच्या वर सुरू होते, कारण तिथे पैसे भरून सुटका होत नाही, हत्यारंच काढून घेतली जातात.

पहिल्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) दिला त्यापेक्षा जास्त पगार घेता येत नाही. पूर्ण मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असूनही बाहेरचा खेळाडू घेण्याची ठरावीक रकमेची सवलत) मिळत नाही. साइन-अँड-ट्रेडमधून (जुन्या संघाने करार करून लगेच दिलेला) खेळाडू आणता येत नाही. हंगामात एखाद्या संघाने मोकळा केलेला खेळाडूही घेता येत नाही, जर त्याचा आधीचा पगार मिड-लेव्हलपेक्षा मोठा असेल.

दुसऱ्या एप्रनच्या वर यात भर पडते. टॅक्सवाल्या संघांसाठीचं छोटं मिड-लेव्हलही जातं. ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही. दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. आणि हंगाम संपताना संघ या रेषेच्या वर राहिला तर सात वर्षं पुढचा त्याचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो, म्हणजे ट्रेड करता येत नाही. पुढच्या चारपैकी आणखी दोन हंगाम तिथेच काढले तर तो पिक फेरीच्या अगदी शेवटी ढकलला जातो.

पगार एकत्र करण्याची बंदी कागदावर किरकोळ वाटते, प्रत्यक्षात तीच सगळ्यात जाचक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिनेसोटाने कार्ल-अँथनी टाउन्सला न्यूयॉर्कला दिलं तेव्हा ते दुसऱ्या एप्रनच्या वर होते. एक मोठा पगार देऊन त्याबदल्यात ज्युलियस रँडल, डाँटे डिव्हिन्चेन्झो असे छोटे पगार घेणं त्यांना जमलं. उलटा व्यवहार, म्हणजे रँडल आणि डिव्हिन्चेन्झोच्या मापाचे दोन खेळाडू देऊन एक टाउन्स आणणं, त्यांना त्या अवस्थेत जमलंच नसतं.

पायरी २ : एकूण रक्कम वर्षावार फोडा

‘चार वर्षं, सहा कोटी’ हा आकडा मथळ्यासाठी ठीक. शीटमध्ये पहिल्या वर्षाचा पगार हवा. वाढ दरवर्षी पहिल्या पगाराच्या ठरावीक टक्क्यांनी होते, चक्रवाढीने नाही. स्वतःचा खेळाडू बर्ड राइट्सने (कॅप ओलांडून त्याला करार देण्याच्या हक्काने, पायरी ४) राखला तर कमाल ८ टक्के, बाहेरून आणला तर कमाल ५ टक्के. म्हणून एकूण रकमेला या अंकांनी भागा:

- ५ वर्षं, ८ टक्के: ५.८
- ४ वर्षं, ८ टक्के: ४.४८
- ४ वर्षं, ५ टक्के: ४.३
- ३ वर्षं, ५ टक्के: ३.१५

उदाहरणार्थ, पूर्ण मिड-लेव्हल १.४१ कोटींचं आहे. गुणिले ४.३ केलं की ६.०६ कोटी येतात. म्हणजे ‘चार वर्षं, सहा कोटी’ ऐकलं की संघाने पूर्ण मिड-लेव्हल खर्च केलं असा अंदाज सही व्हायच्या आधीच बांधता येतो. हा भागाकार पगार वाढत जातो असं धरून आहे. काही करार सपाट असतात, काही उतरते. पक्का तपशील आला की दुरुस्त करा.

मग प्रत्येक पगार त्या हंगामाच्या कॅपच्या टक्केवारीत लिहा. कॅप वर्षाला जास्तीत जास्त १० टक्क्यांनी वाढू शकते. ती २०२४-२५ मध्ये १४.०६ कोटी होती, पुढच्या वर्षी १५.४६. पाच वर्षांपूर्वीच्या कराराशी आजच्या कराराची डॉलरमध्ये तुलना करणं म्हणूनच व्यर्थ. कमाल पगारही टक्क्यांतच ठरतो: लीगमध्ये ० ते ६ वर्षं झालेल्याला २५ टक्के, ७ ते ९ वर्षांना ३०, दहा किंवा जास्त वर्षांना ३५.

इथे फसवणाऱ्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, ऑप्शन. प्लेअर ऑप्शन असलेलं शेवटचं वर्ष संघासाठी दोन्हीकडून तोट्याचं असतं. खेळाडू बहरला तर तो निघून जातो, ढेपाळला तर थांबतो. टीम ऑप्शनमध्ये निवड संघाकडे असते. दोन्ही बातमीत ‘चार वर्षं’ म्हणूनच येतात. शीटमध्ये वेगवेगळे रंग द्या.

दुसरी, बोनस. मागच्या हंगामात जी अट खेळाडूने पूर्ण केली असती तो बोनस ‘संभाव्य’ धरला जातो आणि पगारात मोजतात. बाकीचे ‘असंभाव्य’. हे कॅपमध्ये धरत नाहीत, पण एप्रनचा हिशेब करताना धरतात. रेषेच्या थोडं खाली दिसणारा संघ प्रत्यक्षात अडकलेला असू शकतो तो यामुळे.

तिसरी, किमान पगार. लीगमध्ये दहा वर्षं झालेल्याला २०२५-२६ मध्ये किमान ३६ लाख मिळतात, पण करार एका वर्षाचा असेल तर संघाच्या खात्यात २३ लाखच पडतात आणि वरचा भाग लीग भरते. तोच करार दोन वर्षांचा केला की पूर्ण रक्कम मोजली जाते. टॅक्सवाले संघ वयस्कर खेळाडूंना एकेक वर्षाचेच करार का देतात, ते यात आलं.

पायरी ३ : खेळाडू कोणत्या वाटेने आला ते शोधा

बाहेरचा खेळाडू संघात यायच्या वाटा मोजक्या आहेत:

- कॅप स्पेस: संघ कॅपच्या खाली असेल तर.
- पूर्ण मिड-लेव्हल: १.४१ कोटी, चार वर्षांपर्यंत. वापरलं की पहिल्या एप्रनवर हार्ड कॅप (ती रेषा ओलांडायला पूर्ण बंदी, पायरी ६).
- टॅक्सवाल्यांचं मिड-लेव्हल: ५७ लाख, दोन वर्षांपर्यंत. वापरलं की दुसऱ्या एप्रनवर हार्ड कॅप.
- रूम एक्सेप्शन: ८८ लाख, तीन वर्षांपर्यंत. कॅप स्पेस वापरणाऱ्या संघालाच.
- बाय-अॅन्युअल: ५१ लाख, दोन वर्षांपर्यंत, एक वर्षाआड. पहिल्या एप्रनवर हार्ड कॅप.
- किमान पगार: कितीही खेळाडू, दोन वर्षांपर्यंत.
- ट्रेड किंवा साइन-अँड-ट्रेड.

सगळ्यात जास्त चुका पहिल्या दोन ओळींत होतात. ‘आपल्याकडे दोन कोटींची जागा आहे आणि वर मिड-लेव्हलही आहे’ असं म्हणणारा चाहता दरवर्षी भेटतो. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. कॅप स्पेस वापरायची तर पूर्ण मिड-लेव्हल, बाय-अॅन्युअल आणि जुनी ट्रेड एक्सेप्शन्स (आधीच्या ट्रेडमधून मिळालेल्या सवलती) सोडावी लागतात आणि हातात फक्त रूम एक्सेप्शन उरतं. म्हणून थोडीशीच जागा असलेला संघ पुष्कळदा मुद्दाम कॅपच्या वर राहतो.

पायरी ४ : स्वतःचा खेळाडू ‘गेला’ की ‘राखता येत नव्हता’?

खेळाडू सोडून गेला की व्यवस्थापनाला शिव्या पडतात. शिव्या द्यायच्या आधी त्याच्यावर संघाचे कोणते बर्ड राइट्स होते ते पाहा.

तीन हंगाम सलग, म्हणजे मधे फ्री एजंट म्हणून संघ न बदलता आणि वेव्ह न होता (संघाने मोकळं न करता) काढले असतील तर पूर्ण बर्ड. कॅप ओलांडून कमाल पगारापर्यंत, पाच वर्षांसाठी देता येतं. मधे ट्रेड झाला तरी हक्क नव्या संघाकडे जातो. दोन हंगाम असतील तर अर्ली बर्ड: आधीच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यांतलं जे जास्त ते. एकच हंगाम असेल तर नॉन-बर्ड: १२० टक्के.

आयझाया हार्टेनस्टाइनचं प्रकरण पाहा. न्यूयॉर्ककडे तो दोन हंगाम होता, २०२३-२४ चा पगार सुमारे ९२.५ लाख. त्याच्या १७५ टक्के म्हणजे १.६२ कोटी. चार वर्षांचा गुणक ४.४८ लावा, ७.२५ कोटी होतात. न्यूयॉर्कची कमाल बोली तीच, त्यावर एक पैसाही शक्य नव्हता. ओक्लाहोमा सिटीकडे कॅप स्पेस होती. त्यांनी २०२४ च्या उन्हाळ्यात तीन वर्षांचे ८.७ कोटी दिले. न्यूयॉर्कने त्याला ‘जाऊ दिलं’ असं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. त्याच्या एक वर्ष आधी डेन्व्हरचं ब्रूस ब्राउनबाबत असंच झालं. एकाच हंगामामुळे नॉन-बर्ड, कमाल ७८ लाखांच्या आसपास, आणि इंडियानाने दोन वर्षांचे ४.५ कोटी समोर ठेवले.

यातून पुढच्या वर्षासाठी उपयोगी नियम निघतो. स्वस्तात, एका वर्षासाठी आणलेला खेळाडू जितका चांगला खेळेल तितका तो हातातून जाण्याची शक्यता जास्त. अशा कराराचं कौतुक करताना ‘पुढच्या जूनमध्ये याला राखता येईल का?’ हा रकाना भरूनच करा.

पायरी ५ : कॅप होल्ड मोजा, आणि करारांचा क्रम पाहा

करार संपलेला खेळाडू १ जुलैला पगारपत्रकातून गायब होत नाही. त्याच्या नावावर कॅप होल्ड राहतो. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसा: माणूस बसलेला नाही, पण जागा मोकळीही नाही. संघाने हक्क सोडला की होल्ड जातो, आणि बर्ड राइट्सही जातात.

होल्ड आधीच्या पगारावर ठरतो. पूर्ण बर्डसाठी, आधीचा पगार सरासरीपेक्षा कमी असेल तर १९० टक्के, जास्त असेल तर १५०. पहिल्या फेरीच्या ड्राफ्टमधून आलेला आणि चार वर्षांचा करार संपवलेला खेळाडू असेल तर ३०० आणि २५० टक्के. अर्ली बर्डला १३०, नॉन-बर्डला १२०.

या टक्केवारीतच फिलाडेल्फियाची २०२४ ची सगळी योजना होती. टायरीस मॅक्सीला त्यांनी २०२३ मध्ये मुदतवाढीचा करार दिला नाही. चाहते चिडले. पण त्याचा पगार ४३ लाख होता, म्हणून होल्ड पडला फक्त १.३ कोटी. मुदतवाढ दिली असती तर पहिल्याच वर्षाचे ३.५ कोटी खात्यात बसले असते. मधल्या २.२ कोटींसह मोकळ्या झालेल्या जागेत पॉल जॉर्ज चार वर्षांच्या कमाल करारावर आला, आणि मग मॅक्सीने बर्ड राइट्सवर पाच वर्षांचे २०.४ कोटी घेतले. जॉर्जच्या दुखापतींनी पुढे त्या डावाचं काय केलं तो वेगळा विषय. हिशेब म्हणून तो चोख होता.

म्हणून एखाद्या तरुण खेळाडूची सही लांबली की लगेच भांडणाचा वास घेऊ नका. आधी त्याचा होल्ड आणि नव्या कराराचा पहिला पगार यांतला फरक काढा. फरक मोठा असेल आणि संघ जागा करत असेल, तर उशीर ठरवून केलेला असतो. संघ कॅपच्या वरच राहणार असेल तर मात्र क्रमाला काही अर्थ नसतो, आणि उशिराचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट: जागा मोजताना यादीत बारापेक्षा कमी नावं असतील तर प्रत्येक रिकाम्या जागेसाठी नवख्याचा किमान पगार, सुमारे १२.७ लाख, धरायचा असतो. चाहत्यांच्या शीटमध्ये हे हमखास राहून जातं आणि ‘चार कोटींची जागा’ प्रत्यक्षात साडेतीनची निघते.

पायरी ६ : हार्ड कॅप लागली का?

पायरी ३ मधल्या काही सवलती वापरताच त्या हंगामापुरती, म्हणजे ३० जूनपर्यंत, एक रेषा ओलांडायला पूर्ण बंदी येते. पूर्ण मिड-लेव्हल, बाय-अॅन्युअल, साइन-अँड-ट्रेडने खेळाडू आणणं, ट्रेडमध्ये दिल्यापेक्षा जास्त पगार घेणं: या सगळ्यांनी पहिल्या एप्रनवर कुलूप लागतं. टॅक्सवालं मिड-लेव्हल, पगार एकत्र करून केलेला ट्रेड, रोख रक्कम देणं: यांनी दुसऱ्या एप्रनवर.

शीटमध्ये रेषेपासूनचं अंतर लिहून ठेवा. जुलैत थोडंसं अंतर पुरेसं वाटतं. जानेवारीत दोन खेळाडू जायबंदी झाले की किमान पगाराचा एक माणूस घेण्यापुरतीही जागा उरत नाही आणि संघ चौदा जणांवर हंगाम ओढतो. संघाला पंधरा नियमित जागा असतात, चौदाच्या खाली फार काळ राहता येत नाही. तीन टू-वे खेळाडू (मुख्य संघ आणि खालची जी लीग अशा दोन्हीकडे खेळणारे) वेगळे. त्यांचा पगार कॅपमध्ये येत नाही, ते नियमित हंगामात ५० सामन्यांपर्यंत उपलब्ध असतात, पण करार बदलल्याशिवाय प्लेऑफमध्ये नाहीत. हार्ड कॅपवरच्या संघाचा टू-वे खेळाडू दहावा माणूस म्हणून खेळत असेल तर एप्रिलची चिंता ऑक्टोबरपासून करा.

पायरी ७ : टॅक्सचा खरा भाव काढा

टॅक्स टप्प्याटप्प्याने वाढतो. २०२५-२६ मध्ये एक टप्पा ५६.८५ लाखांचा. पहिल्या टप्प्यात डॉलरमागे १ डॉलर, दुसऱ्यात १.२५, तिसऱ्यात थेट ३.५०, चौथ्यात ४.७५. मागच्या चारपैकी तीन हंगाम टॅक्स भरला असेल तर तो संघ ‘रिपीटर’, आणि दर अनुक्रमे ३, ३.२५, ५.५० आणि ६.७५.

रेषेच्या एक कोटी वर असलेल्या साध्या संघाला सुमारे १.११ कोटी टॅक्स बसतो. तेवढ्याच अंतरावरच्या रिपीटर संघाला ३.११ कोटी. तेव्हा ‘बेंचवरचा एक कोटीचा खेळाडू’ रिपीटर संघाला चार कोटींहून जास्त पडतो, आणि तो का विकला हा प्रश्न राहत नाही.

टॅक्स मोजला जातो तो नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवसाच्या पगारावर. म्हणून रेषेच्या थोडं वर दिसणारा संघ फेब्रुवारीत एखादा छोटा पगार देऊन खाली येतो. जुलैतल्या टॅक्सच्या आकड्यावर छाती पिटू नका. हार्ड कॅपला मात्र ही सवलत नाही, ती एका दिवसासाठीही ओलांडता येत नाही.

पायरी ८ : डेड मनी वेगळ्या रांगेत लिहा

खेळाडू सोडला तरी हमी असलेला पगार द्यावाच लागतो. तो ‘स्ट्रेच’ करता येतो: उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, इतक्या वर्षांत समान वाटून. ३१ ऑगस्टपर्यंत सोडलं तर चालू हंगामासकट सगळी रक्कम वाटली जाते, नंतर सोडलं तर फक्त पुढच्या हंगामांची.

जुलै २०२५ मध्ये मिलवॉकीने हेच केलं. डॅमियन लिलार्डच्या पायाची अकिलीस शीर एप्रिलमध्ये फाटली होती, दोन वर्षांचे मिळून सुमारे ११.२५ कोटी बाकी होते. त्यांनी त्याला मोकळं केलं, रक्कम पाच वर्षांत वाटली आणि झालेल्या जागेत माइल्स टर्नरला चार वर्षांसाठी आणलं.

हा व्यवहार तपासताना चाहते दोन टोकांना जातात. एक म्हणतो टर्नर मिळाला, मस्त. दुसरा म्हणतो टर्नरचे अडीच आणि लिलार्डचे सव्वादोन मिळून एका सेंटरला पावणेपाच कोटी. दोन्ही मांडण्या अर्धवट आहेत. शीटमध्ये आधीचा आणि नंतरचा असे दोन स्तंभ करा. आधी: ५.४ कोटी, ५.८५ कोटी, मग शून्य. नंतर: पाचही वर्षं २.२५ कोटी. म्हणजे पहिली दोन वर्षं मिळून सुमारे पावणेसात कोटींची मोकळीक मिळाली, आणि तितकाच भार २०२७-२८ ते २०२९-३० या तीन हंगामांवर गेला. मिलवॉकीचा तेव्हाचा तारा यानिस अँटेटोकुम्पो आणखी किती काळ त्या पातळीवर खेळेल आणि तिथेच राहील का, या एका प्रश्नावर हा सौदा उभा होता. त्याचं उत्तर ‘नाही’ वाटत असेल तर तुम्ही याला वाईट करार म्हणा. पण कारण हे द्या.

स्ट्रेचलाही मर्यादा आहे. कोणत्याही वर्षी असा वाटलेला पगार त्या वेळच्या कॅपच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. २०२५-२६ साठी ही मर्यादा २.३२ कोटी. फीनिक्सच्या खात्यात आधीच असे सुमारे ३८ लाख होते, म्हणून ब्रॅडली बीलसाठी वर्षाला १.९४ कोटींचीच जागा उरली. पाच वर्षांचे ९.७ कोटी. बीलचे बाकी होते सुमारे ११.०८ कोटी. वरच्या १.३८ कोटींवर त्याने पाणी सोडलं तेव्हाच सौदा झाला. बातम्यांत ही रक्कम उदारपणासारखी दिसली, पण ती या वजाबाकीतून आली होती.

पायरी ९ : मैदानावरची २४० मिनिटं भरा

आता खेळाकडे या. ४८ मिनिटं गुणिले पाच खेळाडू, २४०. प्रत्येक खेळाडूला अपेक्षित मिनिटं द्या आणि बेरीज २४० वर थांबवा. जुलैत बहुतेक चाहत्यांची बेरीज २८० च्या पुढे जाते, कारण नवे सगळे आले आणि जुन्या कोणाचीही मिनिटं कमी झालेली नसतात. जिथे कात्री लावावी लागते तिथेच अनावश्यक करार सापडतो.

मग तीन गोष्टी पाहा: चेंडू हातात असावा लागणारे खेळाडू किती, बाहेरून नेम असलेले किती, आणि रिंगजवळ बचाव कोण करणार. करार मिळण्याच्या वर्षी अचानक तीन-पॉइंटरचा टक्का वाढलेला असेल तर आधीच्या तीन हंगामांची सरासरी आणि फ्री थ्रोचा टक्का धरा. एका हंगामातल्या दोनशे फेकींवर चार वर्षांचा पगार ठरवणारे संघ आहेत. तुम्ही तसं करू नका.

पायरी १० : लवचिकता म्हणजे नेमकं काय ते लिहा

‘फ्लेक्सिबिलिटी’ हा शब्द व्यवस्थापक ऊठसूट वापरतात. शीटमध्ये तिचे चार भाग आहेत.

एक, पुढच्या तीन हंगामांतला प्रत्येक रेषेपासूनचा फरक. हमीचे पगार, टीम ऑप्शन, प्लेअर ऑप्शन आणि होल्ड वेगवेगळे जोडा. प्लेअर ऑप्शन आहे तो पगार राहणार असंच धरा.

दोन, ट्रेडला चालणारे मध्यम पगार. एक ते दोन कोटींचे, दोन वर्षं उरलेले करार ट्रेडमध्ये मापं जुळवायला लागतात. सगळे तारे आणि सगळे किमान पगारवाले असा संघ कागदावर मोकळा दिसतो, पण त्याच्याकडे देण्यासारखं काही नसतं.

तीन, पिक्स. सात वर्षं पुढपर्यंतचेच देता येतात आणि लागोपाठ दोन वर्षं पहिल्या फेरीचा पिक नाही असं होऊ देता येत नाही. डेन्व्हरने २०२५ मध्ये मायकल पोर्टर ज्युनियरला ब्रुकलिनला देऊन कॅम जॉन्सनला आणलं, त्यासोबत विनाअट २०३२ चा पिक दिला. जॉन्सनचा पगार बराच कमी होता. त्या फरकातून बेंच भरली. म्हणजे लवचिकता विकत घेतली, आणि किंमत सात वर्षं पुढच्या कोणीतरी भरायची. निकोला योकिचसारखा तारा संघात असताना मला हा सौदा रास्त वाटतो. मधल्या फळीतल्या संघाने केला असता तर वाटला नसता.

चार, करार कधी संपतात त्याची जुळणी. इथे ओक्लाहोमा सिटीकडून शिकावं. हार्टेनस्टाइनचा करार पहिल्या वर्षी सर्वांत मोठा, ३ कोटी, आणि नंतर थोडा कमी, कारण तेव्हा त्यांच्याकडे जागा होती. तिसऱ्या वर्षी, २०२६-२७ मध्ये, टीम ऑप्शन. लू डॉर्टचंही त्याच हंगामात टीम ऑप्शन. आणि त्यांचे तरुण तारे चेट होमग्रेन आणि जेलन विल्यम्स यांचे मोठे करार सुरू होतात तेही २०२६-२७ पासूनच. हा योगायोग नाही. नव्या कराराची शेवटची तारीख आणि तुमच्या तरुण खेळाडूंच्या पगारवाढीची तारीख शेजारी शेजारी लिहा. पगारवाढीनंतरही जुना करार दोन वर्षं रेंगाळत असेल तर तिथे लाल खूण.

पायरी ११ : शीट परत कधी उघडायची

जुलैचा निकाल जुलैपुरता. पुढच्या तारखा:

- ऑक्टोबर, हंगाम सुरू होण्याआधी: पहिल्या फेरीच्या खेळाडूंच्या मुदतवाढीची शेवटची संधी.
- ३१ ऑक्टोबर: त्यांच्या करारातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे टीम ऑप्शन.
- १५ डिसेंबर: उन्हाळ्यात सही केलेले बहुतेक खेळाडू या दिवसापासून ट्रेड करता येतात. काहींना १५ जानेवारी. त्याआधीच्या ट्रेडच्या अफवांत या खेळाडूंची नावं असतील तर पुढे वाचू नका.
- १० जानेवारी: हमी नसलेले करार उरलेल्या हंगामासाठी पक्के होतात.
- फेब्रुवारीचा ट्रेडचा शेवटचा दिवस: आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता बाजार बंद.
- १ मार्च: यानंतर मोकळा केलेला खेळाडू दुसऱ्या संघाकडून प्लेऑफ खेळू शकत नाही.

प्रत्येक वेळी आधी रेषेपासूनचं अंतर ताजं करा, मग ऑप्शन, मग पिक्स. जुनी आवृत्ती पुसू नका, नवीन टॅब उघडा. पुढच्या जूनमध्ये कोणी ‘हे तर आधीच दिसत होतं’ म्हणालं की दोन्ही टॅब शेजारी ठेवून पाहता येतं.